हिरवं बी

६ ऑक्टोबर २०१८, शनिवार

आज झिनियाचं बी पेरलं. अंगणाच्या मधोमध जो उंच वाफा आहे, त्यातच. रतन अंगणवाडीतून परत येताना थबकली आणि म्हणाली, "यंदा तिथे मेथी लावू म्हणाला होतात." म्हणालो होतो खरा. पण मेथी तलासरीच्या बाजारात ढिगाने मिळते. माझं फूल कुठल्याच बाजारात मिळत नाही. अजून माझ्या अंगणातही मिळालेलं नाही, तो भाग वेगळा.

उंबरगावकडचा आमचा रंगाचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली. तिथे मी शेड जुळवायचो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवायचं आणि तो रंग मी डब्यात उतरवून द्यायचो. साहेबलोक मशीनपेक्षा माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवायचे. आता घर बायकोच्या अंगणवाडीच्या पगारावर चालतं आणि माझे डोळे रिकामे बसलेत.

झिनिया म्हणजे गावठी फूल, कुणाच्याही कुंपणाला गुलाबी नाहीतर केशरी लागलेलं असतं. पण दोन वेगळ्या जातींचा संकर केला की पोरं आईबापावर जात नाहीत. शंभरातलं एखादं भलतंच निघतं. मला असं एक हवंय, की बघणाऱ्याने विचारावं, हे कुणी केलं? एवढीच इच्छा आहे. लिहिताना लाज वाटते, पण वही माझी आहे.

११ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी भांडी वाजली. आईला वाटलं मांजर शिरलं. मला वाटलं हायवेवरून लांबडा ट्रेलर गेला. मग मांडणीवरचा पेला आपणहून सरकत आला आणि पडला, तेव्हा तिघेही उठलो. बाहेर आलो तर अख्खं वेवजी गाव बाहेर. भूकंप म्हणे. आपल्याकडे आणि भूकंप?

रोपं वीतभर झाली आहेत. पानं स्वच्छ.

१ डिसेंबर, शनिवार

पुन्हा हादरा. गेल्या आठवड्यातही झाला होता. प्रत्येक वेळी आधी जमिनीखाली कुणीतरी सुरुंग लावल्यासारखा आवाज येतो आणि मग घर हलतं. आजपासून गावात सगळे बाहेर झोपणार. कौलं डोक्यावर यायची भीती.

ताडपत्री कुठे बांधायची यावरून रतनशी वाजलं. तिचं म्हणणं, अंगणाच्या मधोमध बांधा, तिथे जमीन उंच आणि कोरडी आहे, भिंतही लांब आहे. मधोमध म्हणजे माझा वाफा. कळ्या धरल्यात आणि आता उपटू? मी भाताच्या शेताच्या बाजूला बांधली. तिथे थोडा उतार आहे, पहाटे ओल येते, पण खाली पेंढा घातला की झालं. आई म्हणाली, "राहू दे गो रतन, बारक्याची फुलं हायत ती." मी चोपन्न वर्षांचा झालो, आईसाठी अजून बारक्याच.

रतन पेंढा आणायला गेली. ती भांडली की मला बरं वाटतं. गप्प बसली की वाद कुणी जिंकला तेच कळत नाही.

९ डिसेंबर, रविवार

आलं.

तिसऱ्या ओळीतलं कडेचं रोप. सकाळी बघितलं तेव्हा विश्वास बसेना, म्हणून आत जाऊन चष्मा पुसून आलो. पाकळ्या पसरट नाहीतच. एकेक पाकळी गुंडाळून तिची नळी झाली आहे, बाहेरून कैरीच्या सालीचा फिका हिरवा आणि नळीच्या तोंडातून आतला रंग दिसतो, पिकल्या कोकमाचा. ही शेड मी बावीस वर्षांत एकदाही जुळवलेली नाही. देवाशपथ.

रतनला बोलावलं. ती रात्रभर जागी असते, डोळे सुजलेले. बघून म्हणाली, "छान आहे." मग म्हणाली, "आईंना खोकला झालाय, आडुळसा आणता का?"

आणला. येताना बाबल्याच्या लाडकीलाही फूल दाखवलं. शेजारीणच ती, तिचं झोपडं आमच्या कुंपणाला लागून. ती म्हणाली, "किडा लागला का याला?" घ्या.

२४ डिसेंबर, सोमवार

नळीचं कठीण आहे. (त्या रोपाला मी नळी म्हणायला लागलोय.) झिनियाच्या मधोमध पिवळ्या चांदण्या येतात, पराग त्यांच्यात असतो. नळीला चांदण्याच नाहीत, नुसत्या पाकळ्या. म्हणजे बाप दुसरा शोधायला हवा. आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी दोन फाट्यांची इवली जीभ असते, तिला पराग लागला तरच बी धरतं. नळीची जीभ नळीच्या आत दडून बसते. ब्लेडने नळी चिरायची, शेजारच्या गडद लाल फुलाची चांदणी चिमट्याने उपटून आणायची आणि जिभेवर घासायची. ऊन वर आलं की पराग मोकळा होतो, तेव्हाच जमतं. मग मधमाश्या येऊ नयेत म्हणून फुलावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधायची.

पहिलं फूल मी नुसतं बघण्यात घालवलं. दुसरं हे आता. थंडीमुळे तिसरी कळी धरेल असं वाटत नाही, खालच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी चढते आहे. रोप वर्षाचं नाही, हंगामाचंच. ते मेलं की त्याच्यासारखं दुसरं जगात नाही. जे काही आहे ते या एका फुलात आहे.

काम करताना दोनदा धक्का बसला. हलके होते. मी चिमटा सोडला नाही.

आई वाफ्याशेजारी उन्हात बसते आणि बघते. "फुलाचं लग्न लावतोस काय रं?" म्हणाली. हसता हसता खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. ओल बाधते आहे बहुतेक. आणखी पेंढा घालायला हवा.

५ जानेवारी २०१९, शनिवार

जिभा सुकल्या. सुकल्या म्हणजे लागलं. न लागलेली जीभ दिवसेंदिवस तशीच पिवळी उभी राहते. आज मी वाफ्यातच मांडी ठोकून बसलो आणि रडलो. रतन अंगणवाडीत होती, बरं झालं. पोरं आता चिंचेखाली बसतात, वर्गात बसायला कुणी तयार नाही.

आता फक्त थांबायचं. बी झाडावरच वाळलं पाहिजे. बाबा भेंडीचं असंच धरायचे, वालाचंही, बोंड तपकिरी होऊन हातात वाजायला लागल्याशिवाय तोडायचे नाहीत. कच्चं बी म्हणजे मेलेलं बी. थंडीत सहा आठवडे तरी लागतील.

२० जानेवारी, रविवार

आजचा मोठा होता. मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग गेली, बोट जाईल एवढी. गावातली काही घरं रिकामी व्हायला लागलीत, कुणी संजाणला, कुणी वापीला पाहुण्यांकडे.

रतन म्हणाली, "डहाणूला जाऊ. पीयूषचं घर मोठं आहे." पीयूष तिचा धाकटा भाऊ, चिकूच्या वाडीचा मालक. मी म्हटलं, तीन आठवडे दे. बी पिकलं की त्याच दिवशी निघू. ती म्हणाली, "आईंच्या अंगात कसर आहे." मी हात लावून बघितला, फार नव्हती. आईही म्हणाली, "काय नाय झालं मना."

रतन आताशा बसल्याबसल्या जमिनीला तळहात लावून ठेवते. जेवतानासुद्धा. मी म्हटलं, काय करतेस? तर म्हणाली, "आधी कळावं म्हणून." जरा जास्तच घेतलंय तिने मनावर.

२७ जानेवारी, रविवार

पीयूष न सांगता टेम्पो घेऊन आला. रतननेच फोन केला असणार.

माणूस वाईट नाही, हे मी कबूल करतो. येताना आईसाठी स्वेटर आणला. म्हणाला, "चला ना भाऊजी. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. आईंना वाडीत ऊन खाता येईल, चांगला डॉक्टर दाखवू." मी त्याला नळी दाखवली, बी वाळायचं आहे हे समजावलं. तो म्हणाला, मग कुंडीत काढून घेऊ, टेम्पोत जागा आहे. मी म्हटलं, आता मुळं हलली तर रोप बसेल आणि बी पोटातच मरेल. हे खरंच आहे.

मग तो म्हणाला, "पण भाऊजी, तसंही इथे तुम्हाला काम काय आहे?"

चांगल्या मनाने म्हणाला. पण मला एकदम ती रिकामी खोली डोळ्यांसमोर आली. मी खाटेवर बसलोय आणि पीयूषची बायको चहाचा कप ठेवून जातेय, आणि वाडीतले मजूर विचारताहेत, हे कोण? हे बाईंचे मिस्टर. काय करतात? मी बी घेऊन जाईन, हातात काहीतरी घेऊन जाईन, तर गोष्ट वेगळी.

म्हटलं, तुम्ही दोघी जा, मी दोन आठवड्यांनी येतो. आई हटून बसली, "बारक्याला टाकून मी नाय जायची." आणि आईला टाकून रतन जाईना. पीयूष रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. मी काही कुणाला अडवलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

बोंड अजून हिरवंगार. पाकळ्यांच्या टोकांना मात्र कोकम उतरून तपकिरी यायला लागलंय.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी झाला. आतापर्यंतचे सगळे हादरे म्हणजे थट्टा होती.

जसं झालं तसं लिहितो. आईला हुडहुडी भरली होती म्हणून रतन तिला गरम पाण्याने पुसायला आत घेऊन गेली होती. मी वाफ्यावर होतो. आधी तो आवाज आला आणि मग जमीन पायाखालून ओढल्यासारखी झाली. माझ्या समोर घर होतं. घरात माझी आई होती आणि बायको होती. मी वळलो आणि नळीवर वाकलो. दोन्ही हातांनी तिला धरून बसलो. कौलं खाली येत होती, आवाज ऐकू येत होते, आणि मी रोप धरून बसलो होतो.

लाडकी कुंपण मोडून धावली. ती आणि रतन दोघींनी आईला काखेत धरून बाहेर काढलं. वळचणीखाली कौलांचा पाऊस, म्हणून त्या सरळ माझ्याच दिशेने आल्या, मोकळ्या जागेकडे. आणि माझ्या तोंडातून निघालं, "वाफ्यावरून नको."

लाडकी म्हणाली, "सर बाजूला." मी सरलो नाही. तिने मला खांद्याने ढकललं. आईचे पाय फरफटत वाफ्यावरून गेले. मी उठलो तेव्हा नळी बुडातून मोडली होती.

रतनच्या कपाळावर कौलाचा तुकडा लागून रक्त आलं होतं. तिने ते पुसलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी इथे काहीतरी लिहू शकलो असतो.

मी मोडलेलं बोंड खिशात घातलं. का घातलं कुणास ठाऊक. हिरवं होतं, काही उपयोगाचं नव्हतं.

३ फेब्रुवारी, रविवार

डहाणू. पीयूष परवाच रात्री येऊन घेऊन गेला. आई दवाखान्यात आहे. न्यूमोनिया. दोन्ही बाजूंना पसरलाय. डॉक्टरने विचारलं, खोकला कधीपासूनचा? मी म्हणालो, असेल आठ-दहा दिवस. रतन म्हणाली, "डिसेंबरपासून. ओलीत झोपत होत्या." डॉक्टर लिहीत होता, त्याने वर बघितलं नाही.

मी वही उघडून मागचं वाचलं. ९ डिसेंबरला मी आडुळसा आणायला गेलो होतो. त्या दिवसाच्या पानावर बाकी सगळं फुलाबद्दलच आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार

आईला नाकात नळी लावली आहे. मी तिच्याकडे बघू शकत नाही आणि बाहेरही जाऊ शकत नाही. मध्ये जागी झाली तेव्हा म्हणाली, "बारक्या, बी धरलं का?" मी म्हटलं, धरलं. खोटं बोललो. म्हणाली, "मंग बरं," आणि पुन्हा डोळे मिटले.

दुपारी बाकावर बसून खिशातलं बोंड काढलं. कोमेजलं होतं पण हिरवंच. काहीतरी करायला हवं म्हणून एकेक बी सोडवत बसलो. बघू तरी, भरलं होतं की सगळंच पोकळ. नखाने वरची हिरवी साल सोलली. आत पांढरा दाणा निघाला, काकडीच्या बीसारखा, टच्च. दुसऱ्यातही. बरेचसे पोकळ निघाले, पण सात-आठ भरलेले होते. आणखी दोन आठवडे झाडावर राहिले असते तर माझं काम झालं असतं. बापू, तुझं नशीबच असलं, मी स्वतःलाच म्हणालो.

फेकवेनात. नर्सकडून ओला कापूस मागून डब्याच्या झाकणात त्यावर ठेवले. सोललेलं कच्चं बी, ते काय उगवणार. मढ्याला अंघोळ घालतात तसं केलं, झालं.

९ फेब्रुवारी, शनिवार

आई गेली. सकाळी. रतन जवळ होती, मी खाली औषध आणायला गेलो होतो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पीयूषच्या घरी मला रिकामी खोली दिली आहे. वाटलं होतं तशीच आहे, खाट आणि खिडकी. चहा येतो. इथे मी कोण हे कुणीही विचारत नाही, सगळे हळू आवाजात बोलतात. ते विचारणं परवडलं असतं.

आज सकाळी रतन खोलीत आली. हातात डब्याचं झाकण होतं. दवाखान्यातून सामान आणलं तेव्हा तिने ते खिडकीत ठेवलं होतं, मला माहीतही नव्हतं. म्हणाली, "हे बघा."

कापसातून मोड वर आले होते. सहा. पांढऱ्या देठावर दोन-दोन पानं, फिकी हिरवी, उन्हाकडे वळलेली.

आधी मला काही कळलंच नाही. मग कळलं आणि मी खाटेवर बसलो. कच्चं नव्हतं ते. साल हिरवी होती, आतला दाणा केव्हाच तयार झाला होता. साल सोलली, पाणी आत गेलं आणि उगवलं. वाळायची गरजच नव्हती. बोंड मोडलं एक तारखेला. पीयूष टेम्पो घेऊन आला तो सत्तावीसला. मधल्या पाच दिवसांत त्या दाण्याला काय होणार होतं? त्या रविवारीच ते तयार होतं. मी बोंड तोडून खिशात घातलं असतं, आईला स्वेटर घातला असता आणि आम्ही तिघेही त्या टेम्पोत बसलो असतो. आई पाच दिवस आधी डॉक्टरपुढे असती. ते घर हललं तेव्हा आत कुणीच नसतं.

मी हे सगळं रतनला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक रडत होतो. म्हणालो, मला माहीत असतं तर आपण त्याच दिवशी निघालो असतो. नुसतं माहीत असायला हवं होतं.

ती झाकण मांडीवर घेऊन ऐकत होती. कपाळावरची खपली अजून आहे. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "नाही हो. बी तयार आहे हे कळलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, आता रुजू दे. रुजलं असतं, तर म्हणाला असतात, एक फूल बघू आणि निघू."

रागाने नाही म्हणाली. मेथीचा विषय काढला होता त्याच आवाजात म्हणाली. मग उठून ती रोपं मातीत लावायला घेऊन गेली.

मी तोंड उघडलं होतं, नाही म्हणायला. ती बरोबर बोलली. हे मी इथे लिहितोय. तिच्यासमोर मान हलवायची हिंमतही मला झाली नाही.